याच ठिकाणी, अर्ध्या तासाने

“हसबनीस मॅडम, यंदाचं अधिवेशन तुमचं,” डॉ. चिंचणीकर म्हणाले. मग पोह्यांवरचं खोबरं चमच्याने बाजूला सारत त्यांनी पुढचा तुकडा टाकला, “आणि पुढच्या वर्षीची खुर्ची तुमची. प्रथाच आहे ती आपल्या परिषदेची.”

आईने चहाचा कप बशीत जरा जोरात ठेवला. आनंद झाला की तिच्या हातून एवढंच होतं.

“सर, मी… म्हणजे, जमेल ना मला?”

“न जमायला काय झालं? वर्षभर राबायचं, अधिवेशन पार पाडायचं आणि मग मानाने अध्यक्ष व्हायचं. पहिल्या महिला अध्यक्ष! विचार करा.” सरांनी रिकामी बशी पुढे केली. “थोडे आहेत का अजून?”

मी तेव्हा नुकतीच आठवीत गेले होते आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. उभी म्हणजे अर्धी आत. पाहुणे आले की मी कायम अर्धी आत असायचे. शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणायचे ते शेजारच्या बाकावरही पोहोचायचं नाही, त्यामुळे कागदोपत्री मी बरेच दिवस गैरहजर असे. आता दहावीत माझा आवाज बंद करायला दोन शिक्षक लागतात. हा फरक कसा पडला, तर या परिषदेमुळे. परिषदेने जगात केलेलं हे बहुधा एकमेव भरीव काम.

परिषद म्हणजे ‘स्थावर मालमत्ता अर्थशास्त्र अभ्यासक परिषद’. नाव पूर्ण उच्चारेपर्यंत एखादा फ्लॅट विकला जातो. महाराष्ट्रभरातले अर्थशास्त्राचे नव्वदेक प्राध्यापक तिचे सभासद आणि चिंचणीकर सर अध्यक्ष. घरं महाग का होतात, जमिनीचे भाव कोण ठरवतं, भाड्याने राहावं की विकत घ्यावं, यावर या माणसांनी आयुष्यं घालवली आहेत. आणि या परिषदेला स्वतःची जागा नव्हती. एक खोलीसुद्धा नाही. ‘कार्यालय खरेदी समिती’ होती. ती मी बालवाडीत असल्यापासून दर वर्षी एकच निष्कर्ष काढायची, की भाव लवकरच उतरतील, तोवर थांबावं. तोवर परिषद कुठे राहणार? कार्यवाहांच्या घरी. कार्यवाह कोण? माझी आई. म्हणजे परिषद माझ्या खोलीत राहायची. माझ्या पलंगाखाली ‘भूमूल्य’ नावाच्या त्रैमासिकाचे गठ्ठे होते. त्रैमासिक अशासाठी, की ते वर्षातून एकदा निघायचं.

चिंचणीकर सर गेल्यावर बाबांनी दार लावलं.

“गेल्या वर्षी अधिवेशन कोणी केलं होतं गं?”

“लातूरच्या पाटणकरांनी.”

“मग यंदा ते का नाहीत अध्यक्ष?”

“त्यांच्या वेळी परिस्थिती वेगळी होती,” आई म्हणाली. “तू उगाच फाटे फोडू नकोस हं. सरांनी शब्द दिलाय.”

बाबांनी फाटे फोडले नाहीत. ते बँकेत आहेत. शब्द दिलेली माणसं त्यांना रोज भेटतात.

त्यानंतर आईचं वर्ष सुरू झालं. आमचं म्हणायला हवं, पण आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. मे महिन्यात सगळ्यांना पत्रं गेली. जूनमध्ये सगळ्यांचे फोन आले, की पत्र मिळालं नाही. ऑगस्टपासून शोधनिबंध यायला लागले. निबंध तपासायची परिषदेची रीत फार कडक. लेखकाचं नाव झाकून निबंध दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवायचा, म्हणजे ओळखपाळख मध्ये येत नाही. चिंचणीकर सरांचा निबंध ‘प्रस्तुत लेखकाने अन्यत्र वारंवार सिद्ध केल्याप्रमाणे’ असा सुरू व्हायचा आणि तळटीपांमध्ये चौदा वेळा चिंचणीकर असायचे. नाव मात्र झाकलेलं. तो निबंध दर वर्षी सर्वोत्कृष्ट ठरायचा. निःपक्षपातीपणाने.

दिवाळीत आम्ही किल्ला केला नाही, कारण बाल्कनीत अधिवेशनाची स्मृतिचिन्हं वाळत होती. छोटी छोटी लाकडी घरं, वर लाल कौलं. रंग आईने आणि मी दिला. नव्वद घरं रंगवल्यावर मला एवढं कळलं, की स्थावर मालमत्तेत खरे कष्ट कौलांना पडतात.

आईला मी कधी इतकं खूश बघितलं नव्हतं. कॉलेजातून यायची, पर्स सोफ्यावर टाकायची आणि फोनला चिकटायची. “पनीर नको हो, सांगलीत येऊन पनीर कशाला खायचं? भरली वांगी करा.” मधूनच मला विचारायची, “शलाका, अध्यक्षीय भाषण किती लांब असावं गं?” मी म्हणायचे, “चिंचणीकर सरांच्या निम्मं.” ती म्हणायची, “म्हणजे तास होईल की!” तिने भाषण लिहायलाही घेतलं होतं. आरशासमोर म्हणून बघायची. मला बघितलं की केस विंचरत असल्यासारखं करायची.

फेब्रुवारीत चिंचणीकर सरांचा फोन आला. आई कणीक मळत होती, त्यामुळे फोन ओट्यावर आणि आवाज घरभर.

“मॅडम, तयारी फारच सुंदर चाललीय असं ऐकतो. सगळीकडे तुमचंच नाव!”

“तुमचं मार्गदर्शन, सर.”

“छे छे. बरं, एक नाजूक विषय होता. पुढचं वर्ष परिषदेचं रौप्यमहोत्सवी वर्ष. सगळ्यांचं मत पडतंय की अशा वेळी अनुभवी हात असावा. माझी इच्छा अजिबात नाही हो! मला तर सुटायचंय. पण लोक ऐकत नाहीत.”

आईचे हात कणकेत थांबले.

“कोण लोक, सर?”

“सगळेच. तुमचं त्यानंतरच्या वर्षी नक्की. शब्द देतो.”

“बरं, सर.”

“गैरसमज नाही ना?”

“नाही, सर.”

फोन बंद झाला. मी बाहेरच्या खोलीतून तरातरा आत गेले. “बरं काय, सर? बरं काय? तू वर्षभर मर मर राबलीस आणि ‘बरं, सर’?”

“ओरडू नकोस.”

मी ओरडत नव्हतेच. माझं ओरडणं म्हणजे इतरांचं कुजबुजणं.

“सरळ सांग ना की मी उभी राहणार!” बाबा म्हणाले.

“कुठे सांगू? कोणाला?” आईने कणकेचा गोळा उचलून परातीत आपटला. “सभा होतेच कुठे?”

तिने मग आम्हाला परिषदेची सभा कशी होते ते सांगितलं. अधिवेशनात दुपारी, ऐन जेवणाच्या तोंडावर वार्षिक सभा ठेवलेली असते. सभेला एक तृतीयांश सभासद हवेत. ते नसतात, कारण ते ताटाच्या रांगेत असतात. मग कार्यवाह उठून वाचतात, की कोरमअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे, ती अर्ध्या तासाने याच ठिकाणी भरेल आणि तेव्हा कोरमची अट राहणार नाही. हे सगळीकडेच असतं म्हणे, आमच्या सोसायटीतसुद्धा. अर्ध्या तासाने लोक मठ्ठ्यावर आलेले असतात. चिंचणीकर सर सावकाश हात पुसत दोन-चार माणसं घेऊन सभागृहात येतात, एक जण त्यांचं नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो आणि सर ‘माझी इच्छा नव्हती’ म्हणून हात जोडतात. बाकीच्यांना संध्याकाळी कळतं. कळतं म्हणजे काय, कोणी विचारतच नाही.

“मग तू काय करणार?” मी विचारलं.

“पोळ्या,” आई म्हणाली.

आणि तिने खरंच पोळ्या केल्या. जेवण झाल्यावर तिने केटररला फोन लावून कसलेसे किरकोळ बदल सांगितले. भाषणाचे कागद दिसेनासे झाले. मला तिचा इतका राग आला होता, की मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

अधिवेशन मार्चच्या शेवटी, सांगलीतल्याच एका मंगल कार्यालयात होतं. कॉलेजच्या सभागृहात परीक्षेचे बाक मांडले होते, म्हणून. त्यामुळे एका सत्रातले निबंध ‘वधूपक्ष’ अशी पाटी असलेल्या खोलीत वाचले गेले आणि दुसऱ्या सत्रातले ‘वरपक्षा’त. वरपक्षाचे वक्ते साहजिकच उशिरा आले. व्यासपीठावर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या होत्या, सोनेरी हातांच्या. त्यातल्या नवऱ्याच्या खुर्चीत चिंचणीकर सर बसले. नवरीची रिकामीच होती. तिच्यावर सरांनी आपली शाल ठेवली.

बीजभाषणात सर म्हणाले, “घराची किंमत तीन गोष्टींवर ठरते. ठिकाण, ठिकाण आणि ठिकाण!” सगळे हसले. हे वाक्य ते दर वर्षी म्हणतात आणि लोक दर वर्षी हसतात. जगभरचे याच धंद्यातले लोक हेच म्हणतात हे त्यांना कोणी सांगत नाही.

एक वाजता सभेची वेळ झाली. तोवर जिलेबी तळल्याचा वास जिन्यातून खाली आला होता आणि सभागृह भराभर रिकामं झालं होतं. आईने माइक घेतला आणि ते वाक्य वाचलं. तहकूब, अर्ध्या तासाने, याच ठिकाणी, कोरमची अट राहणार नाही.

“चला, मॅडम,” चिंचणीकर सर शाल उचलून म्हणाले. “जेवण कुठे ठेवलंय?”

“वर गच्चीवर, सर. तिसरा मजला. सावकाश होऊ द्या.”

सर्व परिषद जिने चढून वर गेली. खाली उरले तिघं. एक आई. दुसरे प्राध्यापक उपळेकर, परिषदेच्या संस्थापकांपैकी एक. त्यांचे गुडघे इतके गेले होते की त्यांना व्यासपीठाची पायरीही दोघांनी धरून चढवावी लागायची. त्यांचं ताट आईने खालीच आणवलं होतं. तिसरे मिरजेचे डॉ. तौसिफ मुजावर, परिषदेतले सगळ्यात तरुण सभासद. त्यांचे रोजे चालू होते, त्यामुळे ते जिलेबीच्या वासापासून जमेल तितके लांब, पंख्याखाली डोळे मिटून बसले होते.

आणि मी. पण मी सभासद नव्हते, मी फक्त मठ्ठा होते. म्हणजे सकाळपासून सगळे मला मठ्ठा, पाणी, चार्जर आणि बाथरूम कुठे आहे, याच कामाला वापरत होते.

अर्धा तास होत आला तशी आई म्हणाली, “शलाका, वर जा. सगळ्यांना सांग, सभा सुरू होतेय, खाली या. चिंचणीकर सरांना आधी सांग.”

“मी? तूच जा ना!”

“मी कार्यवाह आहे. मला सभेच्या ठिकाणी हजर राहायला हवं.”

“मुजावर सरांना पाठव.”

“उपाशी माणसाला तीन जिने चढायला लावू?” आईने माझ्याकडे असं बघितलं, की मी निघाले. “आणि ऐकू जाईल असं सांग.”

गच्चीवर टेबलांच्या रांगा होत्या, स्पीकरवर सनई लागली होती. चिंचणीकर सर मधल्या टेबलाशी, पाच-सहा जणांना मेट्रोमुळे भाव कसे वाढतात ते जिलेबीने दाखवत होते.

“सर,” मी म्हणाले. “सभा…”

“अरे वा, आलीस! बाळ, तो मठ्ठा इकडे घे.”

मी मठ्ठा दिला. “सर, सभा सुरू…”

“यात कोथिंबीर आहे गं. बिनकोथिंबिरीचा बघ.”

मी बिनकोथिंबिरीचा आणला. “आईने सांगितलंय सभा सुरू होतेय.”

“होईल, होईल. आमच्याशिवाय थोडीच होतेय! आईला म्हणावं, जेवून घ्या तुम्ही पण.”

टेबल हसलं. मी पुढच्या टेबलाशी गेले. तिथे लातूरचे पाटणकर सर होते. म्हणाले, “बेटा, सभेला जाऊन काय करायचंय? ठरलेलंच असतं.” त्याच्या पुढच्या टेबलावर पुण्याच्या एका मॅडमनी माझा गाल ओढला. “किती गोड! कितवीत आहेस?” मी म्हणाले, “सभा सुरू होतेय.” त्या म्हणाल्या, “हो का? छान, छान. अभ्यास करतेस ना?”

मला काय झालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. राग तर होताच, पण जो आईवरचा होता, तो कोणत्या तरी जिन्यात सुटला होता. मी कोपऱ्यातल्या स्पीकरवाल्याकडे गेले, म्हणाले, “दादा, सनई बंद करा.” त्याने केली. मी माइक घेतला.

“स्थावर मालमत्ता अर्थशास्त्र अभ्यासक परिषदेची तहकूब झालेली वार्षिक सर्वसाधारण सभा,” मी म्हणाले, आणि माझा आवाज समोरच्या बिल्डिंगवर आपटून परत आला. तो माझा आहे हे मला आधी पटेना. “खाली सभागृहात, याच क्षणी सुरू होत आहे. सर्व सभासदांनी खाली यावं. कोरमची अट नाही. तुम्ही आला नाहीत तरी सभा होईल.”

सगळ्या गच्चीने माझ्याकडे बघितलं. मग टाळ्या वाजवल्या. भरघोस. पुण्याच्या मॅडम “गोड!” म्हणाल्या. एकही माणूस उठला नाही. सनई परत सुरू झाली.

मी खाली आले. “नाही येत कोणी.”

“ऐकलं ना सगळ्यांनी?” आईने विचारलं.

“टाळ्या वाजवल्या.”

“आम्हाला इथे ऐकू आलं,” उपळेकर सर म्हणाले. “मला तर कानाचं यंत्र काढावं लागलं.”

आई व्यासपीठावर गेली. पदर खांद्यावरून नीट घेतला. समोर नव्वद रिकाम्या खुर्च्या, दोन सभासद आणि मी. तिने इतक्या गांभीर्याने सुरुवात केली की मला हसू यायला लागलं आणि मग एकदम बंद झालं.

“अध्यक्ष अनुपस्थित असल्याने घटनेनुसार कार्यवाह सभेचं कामकाज चालवत आहेत. विषय पहिला, नूतन अध्यक्षांची निवड. नावं सुचवावीत.”

मुजावर सर उभे राहिले. “डॉ. वैजयंती हसबनीस.”

“अनुमोदन,” उपळेकर सर बसूनच म्हणाले. “उभा राहिलो असतो, पण मग परत बसवणार कोण?”

“आणखी कोणाचं नाव?” आईने रिकाम्या खुर्च्यांना विचारलं. ती थांबली. खरंच थांबली, ओळीओळीने बघत. खुर्च्यांचं काही म्हणणं नव्हतं. “नाही. म्हणजे निवड बिनविरोध झाली आहे.”

आणि माझी आई, जी दोन महिन्यांपूर्वी ‘बरं, सर’ म्हणाली होती, ती नवऱ्याच्या लाल मखमली खुर्चीत जाऊन बसली.

लोक खाली यायला लागले ते पान चघळत. आधी आलेल्यांना काही वेगळं वाटलं नाही. मग चिंचणीकर सर दारात आले आणि त्यांना त्यांच्या खुर्चीत बाई दिसली.

“हे काय, मॅडम?”

“सभा झाली, सर.”

“कसली सभा?”

“तहकूब केली होती, ती.”

“माझ्याशिवाय? असं कसं? आम्हाला कोणी कळवलंच नाही! मॅडम, हा प्रकार… हा सरळ सरळ विश्वासघात आहे. ही सभा बेकायदेशीर आहे. कोणी सांगितलं आम्हाला? बोला ना, कोणी सांगितलं?”

सभागृह भरत चाललं होतं. आईने सभेचे कागद नीट लावले. तिने माझ्याकडे बघितलं नाही, तेही मला दिसलं.

“मी सांगितलं,” मी म्हणाले.

“कोण तू?”

“मी ती, जिला तुम्ही मठ्ठा आणायला सांगितलात. कोथिंबिरीचा आणला तर नको म्हणालात, म्हणून बिनकोथिंबिरीचा आणला. दोन्ही वेळेला सभेचं सांगितलं. तुम्ही म्हणालात, आमच्याशिवाय थोडीच होतेय.” मागे कोणीतरी फिसकन हसलं. मला थांबता येईना. “मग पाटणकर सरांना सांगितलं. ते म्हणाले, सभेला जाऊन काय करायचंय, ठरलेलंच असतं. मग माइकवरून सगळ्यांना सांगितलं. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात.”

हसणं थांबलं. सगळे पाटणकर सरांकडे बघायला लागले. पाटणकर सर पान गिळून म्हणाले, “म्हणालो खरा मी. आणि असतं की ठरलेलं. माझ्या वेळी नव्हतं?”

“तो प्रश्न वेगळा!” चिंचणीकर सर म्हणाले. “तीन माणसांची सभा! याला काय अर्थ आहे?”

“सर,” मुजावर सर हळूच म्हणाले, “ही बेकायदेशीर धरली, तर मग आधीच्या सगळ्या वर्षांच्या…”

त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. पुढचा हिशेब सभागृहात सगळ्यांना जमत होता. अर्थशास्त्राचे लोक होते ते.

चिंचणीकर सर पहिल्या रांगेत जाऊन बसले. संपलं होतं. जिंकली होती आई. मी नाचायच्या बेतात होते आणि तेवढ्यात ती उठली.

“थांबा,” ती म्हणाली. “मी अध्यक्ष झालेय ते नियमाने झालेय. पण तिघांनी. आता इथे सगळे आहेत. अध्यक्ष म्हणून मी ठरवते, की अध्यक्षपदासाठी आत्ता, सगळ्यांसमोर मतदान घ्यावं. चिंचणीकर सर उभे राहोत, मीही राहीन. ज्याला मतं जास्त, तो अध्यक्ष.”

मला वाटलं उन्हाने तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. “आई!” मी व्यासपीठाच्या कडेशी जाऊन म्हणाले. “गप बस ना! मिळालंय ना!”

“शलाका, खाली हो.”

तिचा चेहरा पांढरा पडला होता. समोर निम्म्याहून जास्त लोक चिंचणीकर सरांचे विद्यार्थी, नाहीतर त्यांच्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

चिंचणीकर सरांना रंग परत आला. “उत्तम! लोकशाही म्हणजे लोकशाही. मात्र पद्धत शास्त्रशुद्ध हवी. हात वर करून नको, संकोच होतो लोकांना.”

“हात वर करायला काय हरकत आहे?” कोणीतरी म्हणालं.

“गुप्त मतदानच हवं,” पुण्याच्या मॅडम म्हणाल्या.

“गुप्त ठीक आहे, पण पसंतीक्रमाने,” नागपूरचे एक सर उठले. “नुसतं बहुमत ही फार ढोबळ पद्धत आहे. मी या विषयावर लिहिलंय.”

“उमेदवार दोनच आहेत!”

“तरीही.”

मग एकाने विचारलं, की आजीव सभासद आणि वार्षिक सभासद यांचं मत सारखं कसं धरणार? दुसरा म्हणाला, गैरहजर सभासदांचा कल अंदाजाने काढता येईल, त्याला एक सूत्र आहे. तिसऱ्याने कोकणाच्या प्रतिनिधित्वाचा मुद्दा काढला. चौथ्याने प्रोजेक्टर चालू केला. आई मखमली खुर्चीत बसून प्रत्येकाला बोलायला देत होती. “बोला, सर.” “तुमचं झाल्यावर मॅडम बोलतील.” सकाळी निबंधांच्या वेळी पेंगलेली माणसं ताठ बसून वहीत आकडे मांडत होती. इतका आनंद त्या अधिवेशनात कोणालाच झाला नव्हता. चिंचणीकर सर तर तीनदा उठून बोलले आणि तिसऱ्यांदा त्यांनी आपलाच पहिला मुद्दा खोडून काढला.

उन्हं कलली. कार्यालयाचा व्यवस्थापक दारात येऊन म्हणाला, “साहेब, साडेसहाला साखरपुडा आहे इथे. मुलीकडची माणसं येऊन बसलीत.”

लगबग उडाली. बॅगा उचलल्या गेल्या. कोणाची तरी बस होती, कोणाची रेल्वे.

“मी सुचवतो,” नागपूरचे सर ओरडले, “की मतदानाची पद्धत ठरवण्यासाठी एक समिती नेमावी!”

सगळ्यांनी हात वर केले. सगळ्यांनी. संकोच कोणालाही झाला नाही.

“आणि तोवर?” गर्दीतून कोणीतरी विचारलं.

चिंचणीकर सर बॅग हातात घेऊन निघालेच होते. समिती नेमली, की हे वाक्य म्हणायची त्यांची वर्षानुवर्षांची सवय होती. कोणतीही समिती असो. त्यांनी मागे न बघता हात वर केला आणि घनगंभीर आवाजात म्हणाले, “तोवर विद्यमान अध्यक्षच काम पाहतील!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर सवयीने टाळ्यांकडे वळले, हात जोडून कमरेत वाकले आणि अर्ध्या वाकण्यात थांबले.

घरी जाताना गाडीत मी मागे, मांडीवर उरलेली लाकडी घरं. न्यायला आलेल्या बाबांना मी सगळं सांगून टाकलं.

“मतदान झालं असतं तर?” मी शेवटी विचारलं.

“हरले असते,” आई म्हणाली. “बहुतेक.”

“मग कशाला सांगितलंस?”

“त्यांच्यासारखं बसायचं नव्हतं मला त्या खुर्चीत.”

“पण बसलीस तर तशीच की!” बाबा आरशातून हसत होते. “एक सुचवणारा, एक अनुमोदन देणारा आणि एक उभं राहणारा. बरोबर तिघं उरले खाली. एकाचे गुडघे, एकाचे रोजे. योगायोगच म्हणायचा.”

मला एकदम काहीतरी आठवलं. “आई, अंगणात मांडव होता की! मग जेवण गच्चीवर का?”

आई खिडकीबाहेर बघत होती.

“वर वारा छान असतो,” ती म्हणाली.

वर्षभर ती अध्यक्ष होती. भाषण वीस मिनिटांत आटोपलं. माझ्या खोलीतून परिषद बाहेर काढली आणि मिरजेत एक खोली भाड्याने घेतली, भाव उतरायची वाट न बघता. पद्धत ठरवणाऱ्या समितीने मुदतवाढ मागितली. आईने ती दिली आणि पुढच्या अधिवेशनात वार्षिक सभा सकाळी ठेवली, चहाच्याही आधी. सभागृहाच्या दारात मला उभं केलं. माइकसकट. कोरम पहिल्या पाच मिनिटांत झाला, कारण चहा कुठे आहे हे फक्त मलाच माहीत होतं.

चिंचणीकर सर उभे राहिले. त्यांच्यासमोर नांदेडचे डॉ. बिडवई नावाचे एक गृहस्थ, ज्यांना मी तोवर कधी बोलताना ऐकलं नव्हतं. आई उभी नव्हती. चार जणांनी तिला आग्रह केला, त्यात पाटणकर सरही होते. तिने मान हलवली. हात वर करून मतदान झालं. हात मी मोजले, दोनदा, मोठ्याने. बिडवई सर थोडक्यात निवडून आले.

ते घाबरत घाबरत व्यासपीठावर आले. आई खुर्चीतून उठली, त्यांना बसवलं. मी माइक द्यायला गेले होते, म्हणून मला ऐकू आलं.

“मॅडम,” ते घाम पुसत म्हणाले, “अध्यक्षाला नेमकं काय करायचं असतं हो?”

“पुढच्या वर्षी उठायचं,” आई म्हणाली, आणि चहाला गेली.